पुढे पन्नास, मागे साठ

आमच्या गाडीच्या मागच्या कपाटात आठ किलोचं एक धूड असतं. हवेचा कॉम्प्रेसर. या धुडावरून आम्हा नवरा-बायकोत जितकी वादावादी झाली, तितकी मुलीच्या लग्नातही झाली नव्हती.

गाडी म्हणजे बारा सीटची जुनी ट्रॅव्हलर. सीटा काढून आत दोन बिछाने, छोटासा ओटा आणि ८० लिटरची पाण्याची टाकी बसवून घेतली आहे. नवरा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. "अगं, दर दहा किलोमीटरला पंक्चरवाला आहे. हे ओझं कशाला?" माझ्याकडे उत्तर होतं: मंडणगड. दोन वर्षांपूर्वी तिथे रात्री हवा उतरली, पंक्चरवालाही सापडला, पण लाईट गेलेली आणि त्याचा कॉम्प्रेसर विजेवरचा. तो आणि आम्ही दोघं, तिघंही अडीच तास अंधारात डास मारत बसलो होतो.

खरेदीत पहिली चूक मीच केली. मोबाईलएवढा, चार्जिंगवर चालणारा पंप आणला. डब्यावर लिहिलेलं १५० पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचं माप. अंगणात करून पाहिलं तर मागच्या चाकात ४८ वरून ६० पर्यंत जायला त्याला बारा मिनिटं लागली, आणि शेवटी तापून त्याने मान टाकली. स्कूटरला ठीक, साडेतीन टनांच्या गाडीला नाही. डब्यावरच्या त्या दीडशेवर जाऊ नका. साठ पीएसआयवर मिनिटाला किती लिटर हवा देतो आणि न थांबता किती वेळ चालतो, एवढंच दुकानदाराला विचारा. मग हे धूड आणलं. बारा व्होल्टचं, पण तीस अँपिअरच्या आसपास ओढतं, म्हणून सिगारेट लायटरच्या भोकात चालत नाही. तिथला फ्यूज साधारण दहा-पंधरा अँपिअरचा असतो, तो उडतो. याचे चिमटे थेट बॅटरीला लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं. मागच्या चाकापर्यंत पोचायला हवेची नळी लांब घ्या, वायर लांबवू नका. लांब वायरीत विजेचा दाब पडतो आणि मोटर रडतखडत चालते.

आणखी एक. गाडीच्या दारावर लिहिलेला हवेचा आकडा मूळ गाडीचा असतो. आमच्यासारखी आत संसार थाटलेली गाडी असेल तर टाकी भरून, सामानासकट वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोला आणि टायरवाल्याकडून त्या वजनाचा आकडा घ्या. आमचा निघाला पुढे पन्नास, मागे साठ. नवरा अजून त्याला पौंड म्हणतो.

पहिला दिवस : पुणे, ताम्हिणी, हरिहरेश्वर

हे धूड घेऊन आम्ही पुण्याहून कोकणकिनाऱ्याने मालवणपर्यंत आठ दिवस फिरून आलो. मार्च होता, शिमग्याचे दिवस. सकाळी निघायच्या आधी चारही चाकांची हवा मोजून वहीत लिहिली. बँकेत तीस वर्षं ताळे जुळवलेत, ती खोड जात नाही. शिवाय व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे चार सेन्सर मी हौसेने घेतले होते. हवेचे आकडे गाडी चालवताना समोरच दिसायचे.

ताम्हिणीत काही विशेष नाही. धबधबे कोरडे, काटेसावर मात्र फुललेली. घाट उतरून आल्यावर डिझेलला थांबलो. मी चहा घ्यायला गेले तेवढ्यात पंपावरच्या पोराने उत्साहाने हवा तपासली. "काकू, मागे ६७ होती. जास्त झाली होती, काढून ६० केली." दोन्ही चाकांची! त्याचा हेतू चांगला होता, म्हणून ओरडले नाही. पण धावून तापलेल्या टायरची हवा कधीच काढायची नसते. आतली हवा तापली की दाब चढणारच, टायर बनवणाऱ्यांनी तो धरलेला असतो. साठ हा आकडा थंड टायरचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिहरेश्वरला मोजलं तर दोन्ही मागची चाकं ५४. धुडाचं पहिलं काम असं निघालं. चाकाला मिनिटभर, फार तर सव्वा मिनिट. नवरा दात घासत बघत होता, काही बोलला नाही.

हरिहरेश्वरला देवळामागची प्रदक्षिणेची वाट ओहोटीच्या वेळीच करा. लाटांनी कोरलेल्या त्या खडकांवर पाय जपून टाका, शेवाळ असतं.

दुसरा दिवस : बागमांडला, वेशवी, हर्णै

बागमांडल्याच्या जेटीवर फेरीबोट लागलेली होती, पण पाणी फार उतरलेलं. आमच्या गाडीचं शेपूट लांब, मागच्या चाकांच्या बरंच मागे येतं. खलाशाने गाडीभोवती एक चक्कर मारली, मागे वाकून पाहिलं आणि हाताने थांबा म्हणून खूण केली. "पाणी चडू दे. आता घातलीत तर मागून घासंल." मोटारी, बाईका जात राहिल्या, आम्ही तास-सव्वा तास थांबलो. टपरीवर कांदाभजी खाल्ली, समोर खाडीपलीकडे बाणकोटचा डोंगर. लांब गाडीवाल्यांनी फेरीबोटीच्या वेळापत्रकाबरोबर भरती-ओहोटीचंही पाहून निघावं.

केळशी, आडे, आंजर्ले. रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की कोणीतरी गडग्याला चिकटायचं. नवऱ्याला यात कोण आनंद! प्रत्येक एसटीच्या ड्रायव्हरला हात करायचा. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी वर गाडी नेली आणि खालचा किनारा बघत अर्धा तास नुसते बसलो.

आंजर्ल्याच्या किंवा वेळासच्या पुळणीवर गाडी घालायचा मोह कोणाला होत असेल तर आवरा. इथे कासवांची घरटी असतात आणि मार्चमध्ये पिल्लं बाहेर पडायला लागतात. चाकाखाली वाळू दाबली गेली की आतल्या अंड्यांचं काय होईल, ते सांगायला नको.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव. पाण्यात उभ्या बैलगाड्या, टोपल्या, बर्फ, ओरडा. लिलावाची भाषा मला अर्धीही कळली नाही. शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं, "घ्यायचाय काय? मग बोल ना. नुसती बगतेस काय?" घेतले बांगडे. तिनेच कापून दिले, आणि मी बर्फाची पिशवी विसरले म्हणून स्वतःच्या टोपलीतला बर्फ घातला. रात्री गाडीतल्या ओट्यावर तळले. दोन दिवस उशांना बांगड्याचा वास येत होता.

तिसरा आणि चौथा दिवस : गुहागर

दाभोळची फेरीबोट विनाविघ्न. धोपाव्याहून गुहागरला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मुक्काम ओळखीतल्या एका काकांच्या वाडीत. नारळ, पोफळी, मागे सुरूचं बन, त्यापलीकडे समुद्राची गाज. वाडीत जायची पाणंद मात्र दोन्हीकडून जांभ्याचा गडगा आणि मध्ये सगळी पुळणीची वाळू. गाडी मी चालवत होते. निम्म्यावर मागचं उजवं चाक बसलं. मी तेच केलं जे करायचं नसतं, अॅक्सिलरेटर दाबला. चाक जागच्या जागी फिरलं आणि आणखी वीतभर खाली गेलं.

"रुतली हो तुमची गाडी," काका शांतपणे म्हणाले आणि झावळ्या आणायला गेले.

नवरा खाली उतरून फावडं शोधायला लागला. मी म्हटलं, "अहो, आधी हवा सोडू या."

"हवा सोडू या? मग भरणार..." आणि तो मध्येच थांबला.

तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं की हे धूड बरोबर असण्याचा मोठा फायदा हवा भरण्यात नाहीच. पुन्हा भरता येणार असते, म्हणून बिनधास्त सोडता येते. भरायची सोय नसेल तर कोणता शहाणा माणूस रस्त्यापासून दूर चारही चाकं मऊ करेल? मागची ३५ वर आणली, पुढची ३०. टायर पसरला, पोटऱ्या फुगल्यासारख्या दिसायला लागल्या आणि जमिनीवर टेकणारा त्याचा पट्टा लांब झाला. वजन तेवढंच, पण आता जास्त वाळूवर वाटलेलं. चाकांपुढची वाळू हाताने उपसली, काकांच्या झावळ्या अंथरल्या, नवरा बसला, आणि दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न फरफटवता गाडी सावकाश वर आली. झावळ्यांनी काम केलं की हवेने, यावर रात्री जेवताना दोन तट पडले. काका अर्थातच झावळ्यांच्या बाजूचे.

जेवायला ओल्या काजूची उसळ. सकाळी काकूंना बिया सोलताना पाहिलं. बी उभी चिरायची आणि अणकुचीदार काडीने गर अख्खा बाहेर काढायचा. चीक लागून त्यांच्या बोटांची टोकं काळी पडली होती. हाताला खोबरेल चोपडून बसल्या होत्या, तरी. मी मदतीला बसले तर म्हणाल्या, "तुझ्या हाताची सालं निघतील गं. तू आपली नारळ खवायला घे." तरी हट्टाने चार बिया सोलल्या. अंगठ्याची साल पुण्यात आल्यावर निघाली.

दोन रात्री राहिलो. पाणंद परत ओलांडायची होती म्हणून हवा भरली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी पाणंदीच्या तोंडाशी, डांबरी लागायच्या आत गाडी थांबवली. इतक्या कमी हवेवर रस्त्याने वेगात जायचं नाही; टायरच्या भिंती सतत दुमडतात, तापतात आणि फुटतात. इंजिन चालू, चिमटे लावले, धूड खडखडायला लागलं. मागच्या चाकांना साडेचार-पाच मिनिटं, पुढच्यांना साडेतीन. पंधरा मिनिटं चालवून पंधरा मिनिटं विश्रांती, असं त्याच्या अंगावरच लिहिलंय. चौथ्या चाकानंतर त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर चटका बसला.

त्या खडखडाटाने आळीतली पोरं जमली आणि पाच मिनिटांत सहा सायकली रांगेत उभ्या. "काकू, आमच्यात पण मारा ना हवा." मी ऐटीत नळी पुढे केली आणि नोझल बसेचना. सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा, आत रबराची वालट्यूब असलेला. गाडीचं नोझल त्यावर चढत नाही. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने विचारलं, "एवढं मोठं मशीन, नि सायकलला चालत नाय?" काकांनी पडवीतून पायाने दाबून धरायचा जुना हातपंप आणला आणि नवऱ्याने घाम गाळत सहाही सायकली फुगवल्या. मी बाजूला उभी. पितळेचा छोटासा अॅडॉप्टर सायकलच्या दुकानात मिळतो, तो धुडाच्या पिशवीत असू द्या.

काकांच्या हातगाडीचा व्हॉल्व्ह मात्र आमच्या नोझलला बसला. सुपाऱ्या वाहायची ती गाडी, तिचं चाक दिवाळीपासून बसलेलं. धुडाला गार होऊ दिलं आणि भरली. काका लगेच रिकामीच गाडी घेऊन वाडीत एक चक्कर मारून आले.

पाचवा दिवस : हेदवी, तवसाळ, रत्नागिरी

हेदवीला बामणघळ, म्हणजे खडकातली चीर, भरतीला तिच्यातून समुद्राचं पाणी उंच उडतं. आम्ही गेलो तेव्हा भरती नव्हती, त्यामुळे उडालं नाही. तवसाळ-जयगड फेरीबोटीनंतर गावागावात पोरांनी रस्त्याला दोरी धरलेली. शिमग्याचं पोस्त! पहिल्या दोरीला वीस रुपये दिले, दुसऱ्या दोरीला वीस, पाचव्या दोरीला नवरा म्हणाला, "मागच्यांनी पावती नाही दिली का आमची?" पोरं हसली, पण दोरी खाली आली नाही. सुटे पैसे ठेवा. एका गावात पालखी नाचवत होते. ढोलाच्या ठेक्यावर ती खांद्यावरून डोक्यावर, डोक्यावरून पुन्हा खांद्यावर. वाहतूक आपोआप थांबलेली, कोणी हॉर्न वाजवला नाही.

आरे-वारेचा रस्ता, तोच सगळ्यांच्या फोटोतला. आम्हीही काढला.

सहावा दिवस : पावस, आडिवरे, आणि एक तिठा

रत्नागिरी सोडली आणि पावसच्या थोडं पुढे सेन्सरने ओरडायला सुरुवात केली. मागचं डावं ५२. थांबून चाकाभोवती फिरलो. खिळा नाही, काच नाही. भरून ६० केली. वीसेक किलोमीटरवर पुन्हा ५३. पुन्हा भरली. असं दोनदा केल्यावर मला वाटलं, चला, अशीच भरत भरत मालवण गाठू. नवरा म्हणाला, "गळक्या बादलीत पाणी ओतत राहायला सांगतेस." तिथे मात्र त्याचं बरोबर होतं. कॉम्प्रेसर वेळ मिळवून देतो, भोक बुजवत नाही.

एका तिठ्यावर पंक्चरचं दुकान दिसलं. मालक मूळचा केरळचा, पण तीस वर्षं इथे, आणि बोलणं थेट रत्नागिरीकडचं. टायर बादलीत बुडवायच्या भानगडीत तो पडलाच नाही. साबणाचं पाणी घेऊन ब्रशने आधी व्हॉल्व्हच्या बुडाशी लावलं. तिथे बारीक फेस आला, मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. मग त्याने माझा सेन्सर बोटाने हलवला. सेन्सर एका बाजूला कलला की बुडबुडे मोठे.

"ह्ये कोनी लावलं?"

मी गप्प.

रबरी व्हॉल्व्हच्या टोकावर हे वजन, चाक फिरताना ते सारखं बाहेर ओढलं जातं, बुडाशी रबर वाकतं आणि चिरतं, हे त्याने मला व्हॉल्व्ह कापून दाखवलं. जुना व्हॉल्व्ह, त्यात आमची साठ पौंड हवा. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचे असतात, म्हणजे आम्ही अगदी काठावर चाललो होतो. जड गाडीला नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्हच हवेत. त्याच्याकडे चार होते. चारही चाकांचे टायर रिमवरून अर्धे उतरवून बदलायला दोन तास लागले. तेवढ्यात लाईट दोनदा गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा नवऱ्याने काही न बोलता मागचं कपाट उघडलं, धूड उचलून आणलं आणि स्वतः चिमटे लावले. शेवटचं चाक आमच्या हवेवर भरलं. दुकानदाराने धुडाभोवती फिरून नीट पाहिलं, नळी हातात घेतली, "चांगला हाय. ठेवा गाडीत. पन आमच्याकडं यायला लागतंच," म्हणाला आणि त्या चाकाच्या हवेचे पैसे बिलातून वजा केले. वीस रुपये.

गाडीत बसल्यावर नवरा सेन्सरबद्दल एक शब्द बोलला नाही. आडिवऱ्याच्या महाकालीला नमस्कार करून बाहेर आल्यावर बोलला.

सातवा दिवस : देवगड, मालवण

रात्री देवगडला पोचायला उशीर झाला होता. सकाळी जाग आली ती मोहोराच्या वासाने. कलमांवर सुपारीएवढ्या कैऱ्या. कुणकेश्वर, आचरा करत मालवण. बंदराजवळ गाडी लावली तोच समोरच्या आजींनी विचारलं, "खयसून इलात?" पुण्यातून, याच गाडीत झोपत, म्हटल्यावर त्या आत शिरून सगळं बघून आल्या. ओटा पाहिला, टाकीचा नळ सोडून पाहिला. बाहेर येऊन म्हणाल्या, "सगळा आसा. तुळस खय?" दुपारी त्यांच्याकडेच शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवलेले. मी तीनदा वाढून घेतले. किल्ल्यावर जायचं राहून गेलं, ऊनच तसं होतं आणि पोटही.

किनाऱ्याच्या प्रवासात एक काळजी घ्या. खाऱ्या हवेने पितळ हिरवं होतं आणि वाळू नोझलमध्ये जाते. रोज वापर झाला की नोझल पुसून कापडात गुंडाळा, व्हॉल्व्हच्या टोप्या घट्ट लावा. साध्या प्लास्टिकच्या टोप्या. माझे चारही सेन्सर आता मोज्यांच्या खणात आहेत. धातूच्या व्हॉल्व्हवर चालतात म्हणे, पण ते पुन्हा लावायचा विषय मी अजून घरात काढलेला नाही.

आठव्या दिवशी फोंडा घाट, कोल्हापूर करून परत. महामार्गावर काय सांगायचं!

परवा गुहागरहून काकांचा फोन आला. हातगाडीचं चाक पुन्हा बसलंय, तुम्ही परत कधी येताय? मी म्हटलं, काका, हवेने नाही भागायचं, ट्यूब बदलायला लागेल. माप विचारून घेतलं. नवऱ्याने ते लिहून ठेवलंय, माझ्याच वहीत, पुढे पन्नास आणि मागे साठच्या खाली.